एक ते चार : शिकवणी चालू!

शनिवारची रात्र. फोडणीसाठी तेल तापलेलं आणि मोहरीचा डबा ठणठणीत रिकामा. सवयीने अंगठा मोबाइलवर गेला. अ‍ॅप उघडलं, मोहरी टाकली, डिलिव्हरी चार्ज वाचवायला सोबत उगीचच एक चॉकलेट टाकलं, पेमेंट डन! गॅस बंद करून हात पुसेपर्यंत दारावर बेल. नऊ मिनिटं! त्या मुलाला 'थँक यू' म्हणत दार लावतेय तोच फोन वाजला. स्क्रीनवर नाव : 'मामा दुकान'.

"अगं, वेळ आहे का? विशेष काही नाही. दुकान बंद करावं म्हणतोय. तू ते कंपन्यांचं वगैरे बघतेस ना, तुझं काय मत?"

माझ्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मोहरीचं पाकीट. मामाच्या दुकानात मोहरी कुठे असते ते मी आजही डोळे मिटून सांगू शकते. उजवीकडून तिसरी रांग, वरून दुसरा डबा. चोरी करताना रंगेहाथ पकडल्यासारखं झालं. "मामा, उद्या येते," एवढंच कसंबसं म्हटलं आणि ते पाकीट उगाचच पाठीमागे लपवलं. जणू त्याला फोनमधून दिसणार होतं!

इतरांच्या मामाचं गाव असतं, माझ्या मामाचं दुकान आहे. पुण्यात, नारायण पेठेत. आजोबांनी १९५४ मध्ये सुरू केलेलं किराणा-भुसार मालाचं दुकान. मी नाशिकची. मे महिन्याच्या सुट्टीत मैत्रिणी थंड हवेच्या ठिकाणी जायच्या आणि मी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून रद्दीच्या कागदाची पुडी बांधायला शिकायचे. दिवसाचा पगार, दोन लिमलेटच्या गोळ्या. आज हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काम करताना 'तुमचा पहिला जॉब कुठला?' असं कोणी विचारलं तर खरं उत्तर हेच आहे.

दुसऱ्या दिवशी मामाने कारणं सांगितली. रडगाणं अजिबात नाही, हिशेब सांगावा तसं. एकेकाळी दर महिन्याला नव्वद घरांच्या याद्या यायच्या, आता बावीस. वाडे पडले, माणसं कोथरूड-सिंहगड रोडला गेली. मामेभाऊ टोरंटोत, तो काही परत येऊन डाळ तोलणार नाही. "आणि माझं आता त्रेसष्ट चालू आहे. दर दोन वर्षांनी एक नवीन काहीतरी शिकायचं. किती शिकायचं?"

घरी येताना मी मनातल्या मनात मोजलं. नोटाबंदी नोव्हेंबर २०१६. जीएसटी १ जुलै २०१७. प्लास्टिकबंदी जून २०१८. लॉकडाउन मार्च २०२०. पाठोपाठ २०२१पासून दहा मिनिटांत सामान पोहोचवणारी अ‍ॅप्स. पाच वर्षांत पाच दणके! डी-मार्टचं पहिलं दुकान पवईत २००२ मध्ये उघडलं, त्यानंतर मॉल आले, सुपरमार्केट आली, २०१२ मध्ये परकीय गुंतवणुकीवरून देशभर गदारोळ झाला. ते सगळं मामाने पचवलं होतं. कारण तेव्हा स्पर्धा समोर दिसत होती. नंतरच्या प्रत्येक गोष्टीसाठी मात्र त्याला स्वतःला काहीतरी नवं शिकावं लागलं. नियम सांगायला पत्रकं आली, शिकवायला कोणी आलं नाही.

लॉकडाउनमध्ये हीच पेठ मामाच्या दुकानासमोर खडूच्या वर्तुळात उभी होती बरं का! अ‍ॅपवाले 'स्लॉट उपलब्ध नाही' सांगत होते आणि मामा-मामी मास्क लावून, रात्री अकरापर्यंत पुड्या बांधत होते. मग सगळं सुरळीत झालं आणि गरज सरो, वैद्य मरो. नावं कशाला ठेवू? त्यात मीही होतेच.

मामा विरुद्ध पीपीटी

आता मी काय केलं असेल? जे आपण सगळेच करतो. चौदा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन! स्ट्रेंग्थ, वीकनेस, अपॉर्च्युनिटी, थ्रेट... चार रंगांचे चार चौकोन. पुढच्या रविवारी मामाच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. मामाने चष्मा लावून सगळं शांतपणे पाहिलं.

"छान आहे. रंगीत आहे," तो म्हणाला. "पण थ्रेटच्या खाली तू माझं वयच लिहिलंयस की गं!"

मामी आत कढी ढवळता ढवळता हसत होती. लॅपटॉप मिटला.

मामाने याआधी प्रयत्न केले नव्हते असं नाही. जीएसटीच्या धास्तीने त्याने २०१८ मध्ये अठरा हजारांचं बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं होतं. विकणारा माणूस एकदा येऊन सगळं 'इन्स्टॉल' करून गेला, तो गेलाच. मामाच्या दुकानातला निम्म्याहून अधिक माल सुटा. सव्वाशे ग्रॅम शेंगदाण्यांना बारकोड कुठून लावणार? मालाची यादी इंग्रजीत, आणि गिऱ्हाईक मागतं 'तो मागच्या वेळचा जाड पोहा'. त्या कॉम्प्युटरला आता दसऱ्याला झेंडूचा हार मिळतो. बाकी वर्षभर त्याच्यावर टॉवेल.

मग कोणीतरी दुकानदारांसाठी दोन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. हॉटेलचा एसी हॉल, मंगळवार-बुधवार, दहा ते पाच. मामा दुकान मामीवर सोपवून गेला. विषय : डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन. स्लाइड्स इंग्रजीत, उदाहरणं अमेरिकेतली. शेवटी प्रमाणपत्र. मी विचारलं, "काय शिकलास?" मामा म्हणाला, "समोसा चांगला होता."

हसू आलं खरं, पण विचार केला तर यात मामाचं काय चुकलं? आमच्या कंपनीत नवीन सिस्टिम आली की आम्हाला तीन महिने वेळ मिळतो, हेल्पडेस्क मिळतो, शेजारच्या डेस्कवर 'अरे, हे कसं करायचं?' विचारायला माणूस असतो. आणि शिकण्याच्या तासांचाही पगार मिळतो! मामाला शिकायचं म्हणजे गल्ला सोडायचा, आणि गल्ला सोडला की धंदा बुडाला. त्याला अडचण येणार बुधवारी संध्याकाळी सात वाजता, दुकानात पाच गिऱ्हाइकं उभी असताना. तेव्हा शिबिरवाले कुठे असतात?

मग त्याला शिकवायचं कधी? उत्तर दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, साठ-सत्तर वर्षांपासून. 'दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील.'

पुण्याच्या ज्या वेळेवर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले, तीच वेळ आम्ही पकडली. दर शनिवारी, एक ते चार. मामाच्या वामकुक्षीचा बळी गेला. "एक तास तरी झोपू दे," यावर तडजोड होऊन शिकवणी दोनला सुरू व्हायची. आणि अट एकच होती. लॅपटॉप आणायचा नाही.

डोक्यातला डेटा

पहिले तीन शनिवार आम्ही फक्त मोजलं. मी, मामा, मामी आणि दुकानातले जुने काका, जे पस्तीस वर्षं तिथे आहेत आणि ज्यांच्याशिवाय कुठली बरणी कुठे आहे ते देवालाही सापडणार नाही. शंभर पानी वहीत प्रत्येक वस्तू लिहिली. हजाराच्या वर निघाल्या. शेवटचा नग कधी विकला गेला, ते मामा आठवून सांगायचा. फोन नाही, कॉम्प्युटर नाही.

तेव्हा मला कळलं की मामाकडे डेटा नाही हा माझाच गैरसमज होता. कुठल्या घरी पाहुणे आलेत, कोणाला साखर बंद झाली, कोणाच्या घरी गूळ फक्त चिक्कीचा लागतो, सगळं तोंडपाठ. अशी माहिती मिळवायला आमच्या कंपनीत अख्खी टीम बसलेली असते! फक्त मामाने त्याची बेरीज कधी केली नव्हती. ती केली तेव्हा तो स्वतःच खुर्चीवर बसला. तीन महिन्यांत न हललेला माल एक लाख ऐंशी हजारांचा. स्कीममध्ये 'दहावर एक फ्री' म्हणून घेतलेल्या क्रीम, रूम फ्रेशनर, नाचणीचे कुठलेसे बिस्किट. वसूल न झालेली उधारी दोन लाख सदतीस हजार. त्यातली एक तृतीयांश पेठ सोडून गेलेल्या लोकांची.

"म्हणजे मी गरीब नाही, माझे पैसे अडकलेत," मामा म्हणाला. माझ्या चौदा स्लाइड्समध्ये हे एक वाक्य नव्हतं.

पुढचा धडा नफ्याचा. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं... शंभर रुपयांचा माल विकला की मामाच्या हाती आठ-नऊ रुपये. सुट्या डाळी-कडधान्यात निवडणं, पाखडणं आणि तूट वजा जाता पंधरा-सोळा. मामीची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांत तीसच्या पुढे. आणि दुकानाच्या मांडणीत काय? साबण दर्शनी फळीवर आणि भाजणी आत, पोत्यांच्या मागे! ज्या वस्तूत डी-मार्टशी आणि अ‍ॅपशी भावात जिंकणं शक्यच नाही, तिला राजाची जागा. जी त्यांच्याकडे मिळूच शकत नाही, ती अंधारात.

गंमत म्हणजे सुट्या मालाचा आणखी एक फायदा मामाला माहीत होता, पण त्याने तो कधी फायदा म्हणून मोजला नव्हता. जुलै २०२२पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या धान्य-डाळी-पिठांवर पाच टक्के जीएसटी आहे. पोत्यातून तोलून दिलेल्या डाळीवर नाही. ज्याला आपण 'जुनाट पद्धत' म्हणतो, तिच्यातच ही सवलत लपलेली. शिवाय पन्नास ग्रॅम मागणाऱ्या एकट्या आजींना अर्ध्या किलोचं पाकीट गळ्यात मारावं लागत नाही. प्लास्टिकबंदीत बाकीचे गोंधळले तेव्हा मामाने रद्दी आणि सुतळी काढली होती. त्याचे हात ते विसरलेच नव्हते.

दोन शनिवारांत फळ्या उलट्यापालट्या झाल्या. मामीची भाजणी पुढे आली. मामी हरखली, पण म्हणाली, "पाकिटात विकायची तर नीट नियमाने." एफएसएसएआयच्या 'फोस्टॅक' प्रशिक्षणाला ती गेली आणि पहिल्या रांगेत बसली. पाकिटावर नोंदणी क्रमांक, तारीख, वजन, घटक काय काय छापावं लागतं, ते तिने आम्हा सगळ्यांना शिकवलं.

न भिजणारी वही

एका गोष्टीवर मात्र गाडी अडली. उधारीची वही फोनवर घ्यायला मामा तयार होईना. लाल कापडी बांधणीची, उभी, लांबट वही. "ही आजोबांची पद्धत आहे," एवढंच उत्तर. चार शनिवार मी डोकं फोडलं. शेवटी कंटाळून म्हटलं, "बरं, आजोबांच्या वेळच्या वह्या आहेत का? बघू तरी."

"एकसष्टच्या आधीच्या नाहीत," मामा म्हणाला. मग त्याने ती गोष्ट सांगितली, जी घरात सगळ्यांना माहीत आहे, पण मी नीट अशी कधीच ऐकली नव्हती.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. दुकानात छतापर्यंत पाणी. ओसरलं तेव्हा गुळाचा चिखल, तांदळाचा वास आणि भिंतीला लागलेला गाळ, एवढंच शिल्लक होतं. वह्या गेल्या. आजोबा पायरीवर बसून होते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एकेक माणूस येऊ लागला. "अण्णा, माझ्याकडे तुमचे साडेसात रुपये आहेत." "माझे अकरा." ज्यांची स्वतःची घरं वाहून गेली, ती माणसं! आणि घाऊक व्यापाऱ्याने, एकही कागद न करता, दोन महिन्यांचा माल उधार पाठवला. ते पैसे फेडायला आजोबांना तीन वर्षं लागली.

"वही वाहून गेली, उधारी नाही गेली," मामा म्हणाला आणि गप्प झाला. मीही गप्प. बाहेर दुपार कडक होती. थोड्या वेळाने त्याने माझ्या मोबाइलकडे बोट केलं.

"त्याच्यातली वही भिजत नाही ना?"

त्या दुपारी मामा उधारीचं अ‍ॅप शिकला. चाळीस मिनिटांत! मी महिनाभर 'क्लाउड', 'बॅकअप' अशा शब्दांत जे सांगत होते, ते त्याला कळत नव्हतं असं नाही, फक्त त्याच्या जगात ते कुठे बसतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. लाल वहीही राहिली. रोज रात्री दुकान वाढवताना मामा दोन्हींचा ताळा जमवतो. कधी वहीत चूक सापडते, कधी फोनमध्ये. फोनमध्ये सापडली की त्याला जास्त आनंद होतो.

काही फजितीही झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांची यादी करून दिली, तर पहिल्याच सोमवारी मामाने दोनशे चौदा जणांना गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' पाठवलं. मंगळवारी सूर्योदय. बुधवारी दोघांनी ब्लॉक केलं, त्यात एक माझी आई! मग नियम ठरला : फुलं बंद, भाजणी चालू. आठवड्यातून एकच निरोप, 'उद्या ताजी भाजणी दळून येईल.' पहिल्याच आठवड्यात कोथरूडहून, सहकारनगरहून फोन. पेठ सोडून गेलेली माणसं! भाजणीचे पैसे देता देता दोघांनी जुनी उधारीही फेडली. 'राहून गेलं होतं हो' म्हणत.

नवं गिऱ्हाईकही सापडलं, तेही दुकानातल्या काकांमुळे. नारायण, सदाशिव, शनिवार पेठेतल्या खोल्या-खोल्यांतून स्पर्धा परीक्षेची मुलं राहतात. लातूर, नांदेड, बीड, सोलापूर... घरून पैसे मोजके, मेस कधी बंद, कधी न परवडणारी. काका म्हणाले, "ही पोरं मूठभर तांदूळ, मूठभर डाळ मागतात आणि मग मसाल्याचं पाकीट परवडत नाही म्हणून ठेवून जातात." त्यातून निघाली 'खिचडी पुडी'. एका माणसाचे तांदूळ, मूगडाळ आणि छोट्या पुडीत मामीचा मसाला, सगळं मोजून. पस्तीस रुपये. परीक्षेच्या दिवसांत रोज तीस-चाळीस जातात. या कल्पनेवर माझी सही कुठेच नाही, हे प्रांजळपणे सांगते.

आणि २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८वरून ५ टक्क्यांवर आले. गिऱ्हाइकं सकाळी पेपर घेऊनच दारात. 'काका, नवा भाव द्या!' आठ वर्षांपूर्वी अशा दिवशी मामाचा रक्तदाब वाढला होता. या वेळी त्याच्याकडे जुन्या मालाची यादी तयार होती. कुठला किती नग, कुठल्या एजन्सीशी बोलायचं. त्याने संध्याकाळी मला फोन केला. मला वाटलं, काहीतरी अडलं असणार. म्हणाला, "काही नाही. सहज केला."

पण...

आता सिनेमासारखा शेवट अपेक्षित असेल तर सॉरी. विक्री वर्षभरात वाढली ती सहा-सात टक्के. मात्र न हलणारा माल एक लाख ऐंशीवरून चाळीस हजारांवर आला, उधारी निम्म्याच्या खाली आली, आणि महिन्याच्या शेवटी हातात उरणारे पैसे जवळजवळ दीडपट झाले. मामा 'बंद करावं' म्हणायचा थांबला. सध्या तो 'बघू' म्हणतो. पुण्यात 'बघू' म्हणजे बरंच काही असतं.

खरा प्रश्न वाड्याचा आहे. मामा तिथे जुना भाडेकरू. वाडा आज ना उद्या पाडून इमारत होणार. नव्या इमारतीत जागा मिळेलही, पण बांधकाम चालू असेल तेवढी दोन-तीन वर्षं दुकान कुठे न्यायचं? एवढ्या काळात गिऱ्हाइकांची सवय मोडते. पेठांतली कितीतरी दुकानं अशीच 'तात्पुरती' हलली आणि परत उघडलीच नाहीत. इथे माझ्या शनिवारच्या शिकवणीचा काही उपयोग नाही. इथे कोणीतरी मोठ्याने हात द्यायला हवा.

तसा हात देता येतो, हे मी पाहिलंय. २०१९ मध्ये ऑनसाइटला सॅन फ्रान्सिस्कोत होते, तेव्हा एका जुन्या दुकानाच्या काचेवर 'लेगसी बिझनेस' असं लिहिलेलं दिसलं. चौकशी केली. तीस वर्षं किंवा जास्त चाललेल्या स्थानिक दुकानांची, खानावळींची नोंदवही त्या शहराने २०१५ मध्ये सुरू केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकांनी मतदान करून त्यांच्यासाठी निधीला मंजुरी दिली. मदत फक्त दुकानदाराला नाही. जो घरमालक अशा दुकानाशी किमान दहा वर्षांचा भाडेकरार करेल, त्यालाही अनुदान. शिवाय धंद्याचा सल्ला आणि मार्गदर्शन. तेव्हा 'वॉव' म्हणून फोटो काढला आणि विसरले. मामाचं दुकान सत्तरी ओलांडलेलं. त्या नोंदवहीत त्याला दोनदा जागा मिळाली असती!

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. मुद्रा कर्ज २०१५पासून आहे. जुलै २०२१पासून किरकोळ दुकानदारांनाही 'उद्यम' नोंदणी करून बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जात येता येतं. मामाची नोंदणी आम्ही एका शनिवारी केली, फुकट होते आणि पाऊण तास लागला. पण स्टार्टअपच्या जमान्यात सगळा उत्साह 'स्टार्ट'चा. सत्तर वर्षं चालू असलेल्या गोष्टीला आणखी दहा वर्षं चालू ठेवायचं, तर त्यासाठी शेजारी येऊन बसायला सहसा कोणी नसतं. कर्ज मिळतं. 'हे बटण दाबल्यावर काय होतं?' याचं उत्तर मिळत नाही.

ते उत्तर द्यायला एमबीए लागत नाही, हे मात्र मला या वर्षभरात कळलं. तुम्ही-आम्ही रोज ऑफिसात जे एक्सेल बडवतो, जी यादी करतो, जे अ‍ॅप दोन मिनिटांत वापरायला शिकतो, तेवढं पुरतं. फक्त ते त्यांच्या वेळेला, त्यांच्या गल्ल्यामागे बसून द्यावं लागतं. आणि एका शनिवारी नाही, बरेच शनिवार.

माझं म्हणाल, तर अ‍ॅप मी काढून टाकलेलं नाही. रात्री साडेअकराला दूध संपलं तर मामाला उठवणार थोडीच! पण महिन्याची यादी आता नारायण पेठेत जाते. भाचीला सवलत शून्य. मागच्या महिन्यात पाकीट विसरले आणि मोबाइलची बॅटरी संपलेली, तर मामाने शांतपणे फोन काढून माझ्या नावाने खातं उघडलं. घरी येऊन चार्जिंगला लावला तर मेसेज वाट बघत होता : 'मोहरी १०० ग्रॅम. १८ रुपये बाकी.'

परवाच्या शनिवारी दोन वाजता पोहोचले तर दुकानात माझ्या स्टुलावर कोणी दुसरंच बसलेलं. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या काकू. पलीकडे पूजासाहित्याच्या दुकानाचे मालक, हातात मोबाइल आणि मांडीवर वही. मामा त्यांना सांगत होता, "आधी कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही. आधी मोजायचं. आणि हे बघा, ही वही भिजत नाही."

मी मागच्या मागे बाहेर आले आणि पायरीवर बसले. वर पाहिलं. दारावर तीच जुनी पाटी, 'दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील.' तिच्याखाली नवा पुठ्ठा लटकवलेला. स्केचपेनने, मामाच्या वळणदार अक्षरात :

'आत शिकवणी चालू आहे. उगाच दार वाजवू नये. शिकायचं असल्यास वाजवावे.'